चौलचें बंदर आणि तुळजापूरची पेठ

आई भवानीच्या दारीं आराधी ज्या कवड्यांच्या माळा गळ्यांत घालतात, त्या कवड्या बालाघाटाच्या डोंगरांत पिकत नाहींत. जुन्या काळीं त्या मालदीव बेटांतून जहाजांत भरून येत आणि बंदरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढत. तुळजापूरच्या व्यापाऱ्यास चौलच्या बंदराशीं काय कर्तव्य, असें विचारणाऱ्यानें प्रथम आपल्या घरची परडी पाहावी.

गेल्या पंधरवड्यांत कोर्टकामानिमित्त आम्ही अलिबागेस गेलों होतों. तेथून चौल-रेवदंडा पाहून आलों. कुंडलिकेच्या मुखावरील रेवदंड्याचा तट अद्यापि उभा आहे. आंत नारळी-पोफळीच्या वाड्या असून वेशींतून मोटारींचा रस्ता गेला आहे. ग्रीकांचें सेमुल्ल व अरबांचें सैमूर तें हेंच, यावर मन विश्वास ठेवीना. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी येथें आला तेव्हां बगदाद, बसरा, ओमान येथून आलेले व येथेंच जन्मलेले मिळून सुमारें दहा हजार मुसलमान त्यास आढळले. पंधराव्या शतकांत रशियाचा निकितिन उतरला तो येथेंच. खाडीपलीकडे कोर्लईस अजूनही कांहीं घरांत पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात.

इ. स. च्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत सेमुल्लचा उल्लेख आहे, तसाच पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नांवाच्या मोठ्या शहराचाही. तेथील जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांतून भडोचेस जाई. तें तगर म्हणजे आपलें तेरणाकांठचें तेर, असें फ्लीट साहेबांनीं १९०१ मध्यें दाखवून दिलें.

त्याच ग्रंथांत कल्याणची एक हकीकत आहे. तेथील सत्ता पालटल्यावर चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस धाडीत. बंदरावर राजानें हुकूम चालवावा, हें कायद्याच्या दृष्टीनें समजण्यासारखें आहे. पोर्तुगीजांनीं केलें तें निराळें. १५२१ मध्यें निजामशाहाच्या संमतीनें त्यांनीं येथें ठाणें घातलें, आणि त्यांचा ‘कार्ताझ’ नामक परवाना नसेल तें गलबत दर्यावर जप्तीस पात्र ठरविलें. समुद्र कोणत्या सनदेनें त्यांचा झाला? तोफेच्या! आमच्या व्यापाऱ्यानें आपल्याच किनाऱ्यावरून निघावें आणि जकात परक्याच्या नाक्यावर भरावी, असा तो न्याय. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशाहाच्या अफाट फौजेनें वेढा दिला, तरी ठाणें पडलें नाहीं. कारण समुद्राची वाट शत्रूस मोकळी होती. वसई पडल्यानंतर, १७४० च्या तहानें तें मराठ्यांकडे आलें.

सारा दोष फिरंग्यावर ढकलणें सोयीचें आहे, पण प्रामाणिक नाहीं. समुद्रगमन कलिवर्ज्य म्हणून परतलेल्यास प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री आमचेच, आणि ती आज्ञा निमूटपणें मानणारे शेटसावकारही आमचेच. समुद्रापलीकडची कवडी देवीच्या दारांत चालते. समुद्रापलीकडे गेलेला मनुष्य मात्र पंक्तींत चालत नसे! हा विसंगतपणा आज प्रायश्चित्ताच्या रूपानें उरलेला नाहीं. पण दर्यावरचा व्यापार म्हणजे मुंबईकरांचें काम, आपण पेठेंत बसावें, ही समजूत त्याचीच धाकटी बहीण होय.

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींत सांपडणाऱ्या वस्तु जमविल्या. त्यांच्याच नांवें तेथें आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशीं मिळतीजुळती मूर्ति १९३८ मध्यें थेट इटलींतील पाँपेई येथें सांपडली. हें आमच्या पेठेंतील किती जणांनीं जाऊन पाहिलें आहे? तिरुपतीस दरसाल जाणारे पुष्कळ आहेत.

तेव्हां सूचना एवढीच कीं, नवरात्रांत मंडप व रोषणाईसाठीं जी वर्गणी निघते तींतून कांहीं भाग काढून शाळांच्या मुलांस यंदा तेरास न्यावें आणि पुढील वर्षीं चौलास. तेरास जाण्यायेण्याचा खर्च एका दिवसाच्या दिव्यांहून अधिक येणार नाहीं. वर्गणीची वही आमच्या कचेरींत ठेविली असून पहिली रक्कम आम्हींच मांडली आहे.