प्रेक्षकही घडवावा लागतो



महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत नाट्य आणि नृत्य विभागाच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग लवकरच व्हायचे आहेत. आपल्या शाळेतील आठवी, नववी आणि दहावीच्या मुलामुलींना त्यातील एक नृत्याचा आणि एक नाटकाचा असे दोन प्रयोग शाळेतर्फे दाखवावेत, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. वर्गावर्गांतून तशी सूचना वाचून दाखविताच पालकांकडून विचारणा सुरू झाली. प्रश्न बरेच आले, पण त्यांचा सारांश तीन वाक्यांत सांगता येईल. पहिला, आमचे मूल काही त्या कार्यक्रमात नाही, मग जायचे कशाला? दुसरा, नाटक मराठी आहे का? आणि तिसरा, परीक्षा तोंडावर आलेली असताना हे हवे कशाला?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. विचारणारे पालक मुलांच्या हिताचाच विचार करतात, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तरीही आमचे मत वेगळे आहे आणि ते सविस्तर मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या स्नेहसंमेलनाला सभागृह गच्च भरते. परंतु आपले मूल नाचून खाली उतरले की पालक उठतात, आणि शेवटच्या नाटुकलीच्या वेळी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. दरवर्षीचा हा अनुभव आहे. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही, घरी लहान मुले असतात, दुसऱ्या दिवशी कामाला जायचे असते. पण यातून मुले काय शिकतात? कला म्हणजे आपला फोटो निघेपर्यंतची गोष्ट, एवढेच. दुसऱ्याची मेहनत दोन तास शांत बसून पाहणे, न कळलेले समजून घेणे आणि आवडले तर मनापासून दाद देणे, हे शिक्षण त्यांना कुठेच मिळत नाही. गाणारा जसा घडवावा लागतो, तसा ऐकणाराही घडवावा लागतो. आपली मराठी संगीत रंगभूमी एकट्या नटांच्या जोरावर उभी राहिली नाही. पदाला 'वन्स मोअर' देत रात्र रात्र बसणारा प्रेक्षक होता, म्हणून ती उभी राहिली. १९३१-३२ मध्ये बोलपट आले, तो प्रेक्षक हळूहळू तिकडे वळला आणि मोठमोठ्या नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या. नट तेच होते, गळेही तेच होते, समोरच्या खुर्च्या मात्र रिकाम्या झाल्या.

आता दुसरा प्रश्न, भाषेचा. विद्यापीठातील नाटके बहुतेक वेळा गुजराती किंवा हिंदी असतात. नृत्यात तमिळ, तेलुगू, संस्कृत, ब्रज अशा अनेक भाषांतील पदे येतात. मग मराठी शाळेच्या मुलांचा तिथे काय संबंध, असे एका पालकांनी विचारले. आमचे उत्तर असे की संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

तंजावरला मराठी राज्य होते, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी ते स्थापन केले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात तिथे राज्य केले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगविले, त्याच्या दीडशे वर्षे आधी या शहाजी राजांनी तंजावरात मराठी नाटके लिहिली. त्यांनी केवळ मराठीत लिहिले असे नाही, तेलुगूतही लिहिले. 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर येतात. मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी राजाला शेजारच्या भाषेची भीती वाटली नाही, हे आपण बडोदेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' या नावाचे मराठी नृत्यनाट्य लिहिले आणि त्यात चक्क जगाचा भूगोल गुंफला. देश आणि समुद्र यांची माहिती नाचगाण्यातून देणारा राजा दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे आमच्या भूगोलाच्या शिक्षकांनाही आवडेल. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार नामांकित भाऊही तंजावरच्याच दरबारातले. भरतनाट्यमच्या कार्यक्रमात आज अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा जो क्रम असतो, तो बसविण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते. म्हणजे ज्याला आपण 'मद्राशी नाच' म्हणून बाजूला सारतो, त्याची आजची मांडणी मराठी राजांच्या आश्रयाने झाली.

आणि ते नृत्य बडोद्याला कसे आले? लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर! १८८० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच बडोद्याच्या पहिल्या चिमणाबाई महाराणी. रावपुऱ्याचा टॉवर त्यांच्याच स्मरणार्थ उभा आहे. आपली कितीतरी मुले रोज त्याच्याजवळून शाळेत येतात. महाराणींबरोबर तंजावरहून नर्तकी, त्यांचे नट्टुवनार म्हणजे झांज वाजवून ताल देणारे गुरू, आणि वादक असा ताफा बडोद्याच्या दरबारात आला. गौरा आणि कांतिमती ही त्यांतील दोन नर्तकींची नावे. पुढे याच परंपरेतील कुबेरनाथ तांजोरकर यांनी बडोद्यात भरतनाट्यमच्या अनेक विद्यार्थ्यांना शिकविले.

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली. दरबारापुरते राहिलेले गाणे सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसून, स्वरलिपी वाचून शिकता यावे, हा त्यामागचा विचार. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, ती संगीतशाळा त्यात सामील झाली आणि लवकरच नृत्य व नाट्य हे विषय पदवीसाठी शिकविले जाऊ लागले. नृत्य विभागाचे पहिले प्रमुख मोहन खोकर मद्रासच्या कलाक्षेत्रात शिकलेले होते, कथक शिकविणारे सुंदरलाल गांगाणी जयपूर घराण्याचे होते, तर नाट्यशिक्षणाला 'आगगाडी'चे लेखक चंद्रवदन मेहता यांच्यासारखा गुजराती नाटककार लाभला. नृत्याची पदवी देणारी विद्यापीठे त्या काळी देशात बोटांवर मोजण्याइतकीच होती. सूरसागरच्या काठावरची ती वास्तू अशी अनेक प्रांतांच्या लोकांनी मिळून मोठी केली आहे. तिथे आपण परके कसे ठरू?

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आमचे सारे शिक्षण, पदवीपर्यंत, हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी. त्यामुळे आमच्या मराठीत आजही एखादा हिंदी शब्द डोकावतो आणि मराठीच्या शिक्षिका तो हसून दुरुस्त करतात. पण हिंदी नाटके पाहिली म्हणून आमची मराठी पातळ झाली नाही. उलट दुसऱ्या भाषेतला चांगला संवाद ऐकला की आपल्या भाषेत हे कसे म्हणता येईल, असा विचार मनात आपोआप येतो. मराठी टिकावी असे आम्हांला मनापासून वाटते, आणि मराठी शाळा चालविणे दिवसेंदिवस किती कठीण होत आहे हे विश्वस्तांना ठाऊकच आहे. परंतु दारे लावून घेतल्याने भाषा टिकत नाही. जे पाहिले त्याविषयी मुले घरी आईबाबांशी, आजीआजोबांशी मराठीत भरभरून बोलली, तर टिकते.

तिसरा प्रश्न परीक्षेचा, आणि खरी अडचण तीच आहे. काही पालकांनी सुचविले की आठवी-नववीला न्या, दहावीला वगळा. या सूचनेवर आम्ही बराच विचार केला आणि ती न स्वीकारण्याचे ठरविले. दोन संध्याकाळी मिळून पाच-सहा तास जातील. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाचे त्यात काही बिघडत नाही, आणि न केलेल्याचे त्या सहा तासांत काही सुधारत नाही. उलट दहावीनंतर काय, हा निर्णय याच मुलांना लवकर घ्यायचा आहे. त्यांना विज्ञान, वाणिज्य आणि डिप्लोमा ठाऊक असतो. आपल्याच गावात नृत्यात आणि नाटकात पदवी मिळते, हे त्यांतील पुष्कळांच्या कानावरही आलेले नसते. सर्वांनी तिकडे वळावे असे आम्ही म्हणत नाही. पण नाकारायचे तर निदान पाहून नाकारावे.

एक गोष्ट थोडी स्पष्टच लिहितो. पाचवी-सहावीत सुंदर नाचणाऱ्या मुली नववीत गेल्या की नृत्यवर्ग सोडतात. ट्यूशनची वेळ आणि वर्गाची वेळ एकच असते, ही अडचण खरी आहे. परंतु पुष्कळदा त्यामागे आणखी एक वाक्य असते, 'आता मोठी झालीस, पुरे झाले नाचणे.' आणि मुलगा नाचतो म्हटले तर घरातलेच हसतात. या वाक्याला इतिहास आहे. गौरा आणि कांतिमती यांच्या काळी लोक नृत्य पाहायला हौसेने जमत, पण नाचणाऱ्या स्त्रीला मान देत नसत. १९४७ साली मद्रास प्रांतात मुलींना देवदासी म्हणून वाहण्याविरुद्ध कायदा झाला, ते योग्यच झाले. पण ज्यांनी ती विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्या स्त्रियांच्या वाट्याला उपेक्षाच अधिक आली. विद्यापीठाने नृत्याला वेळापत्रक, हजेरीपट, परीक्षा आणि पदवी दिली, तेव्हा ही विद्या इतर विषयांच्या शेजारी मानाने बसली. तिला सात दशके उलटून गेली. घरातले ते वाक्य मात्र अजून उलटलेले नाही. आपल्या मुलींनी आणि मुलांनी पदवीसाठी नाचणारे वीस-बावीस वर्षांचे विद्यार्थी डोळ्यांनी पाहिले, तर त्यावर आम्हांला व्याख्यान द्यावे लागणार नाही.

'हे सारे मोबाईलवर दिसते की,' असेही कुणी म्हणाले. दिसते, पण पुढे सरकवताही येते. भरतनाट्यममधले वर्णम अर्धा-पाऊण तास चालते. तेवढा वेळ एकटी नर्तिका पायाने ताल आणि चेहऱ्याने अर्थ सांभाळते. शेवटी तिला लागलेला दम समोर बसलेल्यालाच कळतो. कथकमध्ये चक्करांनंतर समेवर थांबताना पाय डगमगला तर तोही दिसतो. हे विद्यार्थ्यांचे प्रयोग आहेत. सगळेच उत्तम होईल असे नाही. कुणी वाक्य विसरेल, दिवा उशिरा लागेल. आपल्या मुलांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असलेली मुले चुकतात आणि तरीही प्रयोग पुढे नेतात, हे पाहण्यासारखे आहे. दहावीच्या मुलाला याहून उपयोगी धडा कोणता?

म्हणून आमच्या विनंत्या थोडक्यात अशा. विश्वस्त मंडळाने दोन दिवसांच्या बसचा खर्च मंजूर करावा, तो मुलांच्या फीमध्ये घालू नये. दुसऱ्या दिवशीची शाळा एक तास उशिरा भरविण्यास मान्यता द्यावी. पालकांनी संमतिपत्रावर सही करून त्या दोन संध्याकाळी ट्यूशनच्या सरांना तसे कळवावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःही यावे, शिक्षकांना मदत होईल. प्रत्येक मुलाला शाळेतून घरच्या माणसाच्या हाती सोपविल्याशिवाय आमच्यापैकी कुणी घरी जाणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक खुशखबर. यावर निबंध लिहायला सांगणार नाही, गुणही नाहीत. जाण्यापूर्वी कथा आणि नृत्याचा क्रम वर्गात समजावून सांगू. तिथे मोबाईल बंद, वेफर्सचा पुडा दप्तरात, आणि मधूनच उठणे नाही. कंटाळा आला तर दिवे कसे बदलतात ते पाहा, झांज कुठे थांबते ते ऐका. आवडले तर जोरात टाळ्या द्या. नाही आवडले तरी शेवटपर्यंत बसा. दुसऱ्या दिवशी आम्हांला येऊन सांगा, का नाही आवडले ते. आम्ही ऐकू.