अ‍ॅड-ऑनच्या सेटिंग्ज राहतात कुठे?

नवा संगणक आला की ऑफिसातली मंडळी जुन्यावरच्या एक्सेल शीट, पीडीएफ, टॅलीचा डेटा असं सगळं आठवणीने उचलतात. मेलचं काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ती सर्व्हरवरच आहे, पासवर्ड टाकला की येईल. मेल येतेही. येत नाहीत ते मेल प्रोग्रामला वरून जोडायच्या, क्विकटेक्स्टसारख्या अ‍ॅड-ऑनमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले तयार उत्तरांचे नमुने. अ‍ॅड-ऑन पुन्हा बसवावं, तर ते कोरं करकरीत.

थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रामचंच पाहू. पत्रं, पासवर्ड, अ‍ॅड-ऑन असं वापरणाऱ्याचं सारं काही तो 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. विंडोजमध्ये हा फोल्डर अ‍ॅपडेटाच्या आत असतो आणि अ‍ॅपडेटा मुळातच लपवलेला, म्हणून शोधणारा दमतो. खरं तर शोधायची गरजच नाही. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनवर गेलं की प्रोफाइल फोल्डरसमोर तो उघडायचं बटण असतं. फोल्डरचं नाव आठ सरमिसळ अक्षरं-आकडे, टिंब आणि पुढे 'डिफॉल्ट', असं काहीसं दिसतं.

आत प्रेफ्स डॉट जेएस ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली की माथ्यावरच सूचना दिसते, की ही फाइल हाताने बदलू नका. प्रोग्राम चालू असताना केलेले बदल तो बंद होताना पुसले जातील. जुन्या काळी बहुतेक अ‍ॅड-ऑन आपल्या सेटिंग्ज इथेच लिहीत. अ‍ॅड-ऑनच्या नावाने शोध घेतला की ओळ सापडे.

2020 साली थंडरबर्डची 78वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीच्या अ‍ॅड-ऑनना दार बंद झालं. नव्या पद्धतीत सेटिंग्ज 'स्टोरेज' फोल्डरच्या आतल्या 'डिफॉल्ट'मध्ये जातात. तिथे प्रत्येक अ‍ॅड-ऑनचा वेगळा फोल्डर असतो, पण त्यावर अ‍ॅड-ऑनचं नाव नसतं. असतो तो बसवताना यदृच्छेने मिळालेला लांबलचक क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, हे पाहायला पुन्हा प्रेफ्स डॉट जेएसमधलीच एक ओळ वाचावी लागते. नव्या संगणकावर त्याच अ‍ॅड-ऑनला दुसराच क्रमांक मिळतो. त्यामुळे जुना फोल्डर नुसता उचलून तिकडे ठेवला तर अ‍ॅड-ऑन त्याला ओळखतच नाही. खात्रीचा मार्ग एकच : थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खं प्रोफाइल उचलायचं.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. अ‍ॅड-ऑन बिघडलं की 'काढून परत टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो. थंडरबर्डमध्ये अ‍ॅड-ऑन काढलं की त्याचा साठाही पुसला जातो. आधी ते फक्त बंद करून पाहावं.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये अ‍ॅड-ऑनना अ‍ॅड-इन म्हणतात. तिथे सेटिंग्जसाठी अशी एकच एक जागा नाही. जुन्या पद्धतीच्या कॉम अ‍ॅड-इनची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, आउटलुकच्या 'अ‍ॅडइन्स' या शाखेखाली असते. तिथल्या 'लोडबिहेविअर'चा आकडा 3 असेल तर अ‍ॅड-इन आउटलुकबरोबर सुरू होतं. पण ही झाली फक्त हजेरी. सेटिंग्ज कुठे ठेवायच्या हे बनवणारा ठरवतो : कोणी रजिस्ट्रीतच, कोणी अ‍ॅपडेटातल्या यूजर डॉट कॉन्फिग फाइलमध्ये. या फाइलच्या वाटेत आवृत्तीचा आकडाही असतो. म्हणून नवी आवृत्ती आली आणि बनवणाऱ्याने जुन्या सेटिंग्ज पुढे आणायची तजवीज केली नसेल, तर जुनी फाइल जागच्या जागी शाबूत असूनही वापरणाऱ्याला सगळं गेल्यासारखं दिसतं.

नव्या वेब अ‍ॅड-इनना मायक्रोसॉफ्टने वेगळी सोय दिली आहे. त्यांच्या सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या मेलबॉक्समध्येच, सर्व्हरवर राहू शकतात. मर्यादा दर अ‍ॅड-इनला 32 किलोबाइटची. आवडीनिवडी नोंदवायला एवढी जागा पुरते आणि संगणक बदलला तरी त्या मागोमाग येतात. हीच पद्धत वापरणाऱ्याच्या हिताची आहे. मात्र ही जागा गुपितं ठेवण्याइतकी सुरक्षित नाही, तेव्हा पासवर्ड तिथे नकोत. विंडोजसाठीचं नवं आउटलुक तर कॉम अ‍ॅड-इन चालवतच नाही. ज्या ऑफिसांची कामं अजून त्यांवर चालतात, त्यांनी स्थलांतराआधी सेटिंग्जची प्रत काढून ठेवलेली बरी.

सेटिंग्ज म्हणजे किरकोळ गोष्ट, हा समज चुकीचा आहे. उत्तरांचे नमुने, नियम, याद्या ही माणसाने कामातून वेळ काढून केलेली मेहनत असते. तिचा ठावठिकाणा सांगणं बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि 'एक्स्पोर्ट'चं बटण देणं त्याला अवघड नाही. अनेक अ‍ॅड-ऑनमध्ये ते असतंही. वाचकांनी आपल्या अ‍ॅड-ऑनच्या सेटिंग्ज आजच उघडून ते बटण आहे का पाहावं. असेल तर फाइल काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, नसेल तर बनवणाऱ्याला तशी मागणी लिहून पाठवावी.