तबकडीला हात लावायचा नाही?

गेल्या महिन्यात एका बंगल्यावर गेलो होतो. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची बैठक होती. ज्यानं त्यानं आपली आवडती रेकॉर्ड आणायची, लावायची, दोन शब्द बोलायचे. विषय होता काळ्या अमेरिकेचं सोल, फंक अन् न्यूयॉर्कच्या पोर्टो रिकन वस्त्यांतलं लॅटिन. मी सूतगिरणीत रिंगखात्यावर. रातपाळी उतरलो, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला अन् गेलो. बगलेत जेम्स ब्राऊनची एक रेकॉर्ड. भंगारवाल्याकडची, रद्दीच्या भावात आलेली.

यजमानांच्या कपाटात पाच-सहाशे तबकड्या. मी एक काढून बघायला गेलो. यजमान ओरडले, ‘‘अरे अरे, हात नको लावूस! काय पाहिजे ते सांग, मी काढून देतो.’’

तुम्ही म्हणाल, बोटांचे डाग पडतात म्हणून म्हणाले असतील. असतील बाबा. पण शेजारचा चष्मेवाला खुशाल काढून बघत होता. आमच्या आज्याला पाणी वरून ओतायचे. मला गाणं वरून ओतलं. एवढ्यावरून मी भांडलो नाही. माझं भांडण पुढचं आहे.

तीन तास बोलणं चाललं. पहिली छपाई की दुसरी, लेबल निळं की पिवळं, ओरखडे किती, भाव किती. ‘ग्रूव्ह’ हा शब्द इतका ऐकला की कान किटले. पण वाजवणारा कोण, तो कुठं राहिला, त्याला काय मिळालं, कसा मेला, याबद्दल चकार शब्द नाही. माझी पाळी आली तेव्हा चहा आला. जे तिथं बोलू दिलं नाही ते इथं लिहितो. मी दहावी नापास. इंग्रजी शिकलो ते रेकॉर्डच्या पाकिटावरची अक्षरं लावत, हाताशी डिक्शनरी घेऊन. चुकलो तर सांगा.

पहिली रेकॉर्ड, जेम्स ब्राऊनची ‘फंकी ड्रमर’. १९६९ ला सिनसिनाटीत वाजवली, १९७० ला बाजारात आली. ढोल वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड. चॅटनूगा गावचा. कारखान्यांचे अन् आगगाड्यांचे आवाज ऐकत हा माणूस लय शिकला. मी रिंगफ्रेमच्या दोन ओळींमधून तुटलेले धागे जोडत फिरतो, तेव्हा मला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याची ती काही सेकंदांची लय पुढं शेकडो गाण्यांत कापून चिकटवली गेली. पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या ‘फाइट द पॉवर’ मध्येसुद्धा तीच आहे. क्लाइडला काय मिळालं? बँडवाल्याचा पगार. गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राऊनचं, म्हणून हक्काचा पैसा नाही. २०१७ ला तो गेला.

दुसरी, ‘द विन्स्टन्स’ ची १९६९ ची ‘आमेन, ब्रदर’. तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं. त्यात जी. सी. कोलमनचा सहा-सात सेकंदांचा ढोल. तेवढ्या तुकड्यावर लंडनच्या पोरांनी नाचाची अख्खी नवी तऱ्हा उभी केली. हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. अन् कोलमन २००६ ला अटलांटात मेला, तेव्हा म्हणे त्याला घर नव्हतं. सहा सेकंदांवर जग नाचतंय अन् वाजवणारा रस्त्यावर.

तिसरी, मार्विन गेची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१. कंपनी मोटाऊन, गाव डेट्रॉइट, मोटारींचं गाव. मालक बेरी गॉर्डी स्वतः मोटार कारखान्यात साखळीवर राबलेला. १९५९ ला घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्यानं धंदा मांडला. वादक तेच ते, रोज खोलीत बसून वाजवणारे. मोटाऊनच्या पाकिटावर त्यांची नावं छापायला १९७१ साल उजाडावं लागलं. १९७२ ला कंपनी लॉस एंजेलिसला गेली अन् बहुतेक वादक मागं राहिले. गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कंपनी उठून जाते म्हणजे काय होतं. १९८३ ला कंपनीचा पंचविसाव्या वर्षाचा जंगी सोहळा झाला. ज्याच्या बास गिटारवर ती गाणी उभी राहिली तो जेम्स जेमर्सन तिकीट काढून मागं प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी तो मेला.

इथं आपल्याच लोकांना एक बोचरं सांगतो. जेम्स ब्राऊन काळा. बेरी गॉर्डी काळा. तरी वाजवणाऱ्याचं नाव खालीच. आपला माणूस मालक झाला म्हणजे आपण मालक झालो, हा भ्रम आपल्याकडेही थोडा नाही. स्टेजवर आपला फोटो, बॅनरवर आपला नेता, अन् सतरंज्या उचलणारा कोण? हेही लिहिलं पाहिजे, नुसतं बंगलेवाल्याला शिव्या देऊन भागणार नाही.

चौथी, स्टेपल सिंगर्सची १९७१ ची ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’. स्वतःची इज्जत स्वतः कर, एवढा साधा अर्थ. कंपनी स्टॅक्स, गाव मेम्फिस. त्याच मेम्फिसमध्ये १ फेब्रुवारी १९६८ ला एकोल कोल अन् रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसातून आडोशाला कचऱ्याच्या गाडीत शिरले अन् यंत्रात चिरडून मेले. मग सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. छातीवर पाट्या, ‘मी माणूस आहे’. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग तिथं गेले अन् ४ एप्रिलला लोरेन मोटेलात त्यांना गोळी घातली. हेच ते मोटेल, जिथं स्टॅक्सचे काळे-गोरे वादक एकत्र बसून गाणी रचायचे. आता बंगलेवाल्यांनो, ही रेकॉर्ड ‘क्लीन कॉपी’ आहे म्हणता, तर स्वच्छ कुणी केलं ते बोला की! आपल्याकडे १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, तरी गटारात माणसं मरतातच. ते ऐकून तुमची सुई अडकत नाही का कुठं?

पाचवी लॅटिन. एडी पाल्मिएरीची ‘हार्लेम रिव्हर ड्राइव्ह’, १९७१. पोर्टो रिकन अन् काळे वादक एका तबकडीवर. हार्लेमच्या कडेनं जाणाऱ्या मोटाररस्त्याचं हे नाव. गाडीवाले वस्तीला बगल देऊन भुर्रकन निघून जातात. आपल्याकडचे उड्डाणपूल आठवा. हा पाल्मिएरी १९७२ ला सिंग सिंगच्या तुरुंगात जाऊन कैद्यांपुढं वाजवून आला. त्याच हार्लेमच्या पूर्व भागात १९६९ ला ‘यंग लॉर्ड्स’ च्या पोरांनी, नगरपालिका कचरा उचलत नाही म्हणून, तो झाडून भर रस्त्यात आणून टाकला अन् रस्ता अडवला. ही गाणी तिथल्या कचऱ्यासकट ऐकायची असतात.

आता आमचे काही दोस्त म्हणतात, ‘‘तुला काय पडलंय रं अमेरिकेचं? आपला जलसा हाय, वामनदादा हायेत.’’ हायेत की. पण १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिनं नाव कुणाचं घेतलं? ब्लॅक पँथरचं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले, ते हार्लेमला लागून. १९४६ ला त्यांनी डु बॉईस यांना पत्र लिहिलं. ब्लॅक पँथरचा स्वतःचा फंक बँड होता, ‘द लम्पेन’, १९७० चा. साधे कार्यकर्तेच गाणारे. नाव घेतलं, पत्र लिहिलं, मग गाणं ऐकायला लाज कसली?

आणखी एक, घरातलं. आमच्या मांगवाड्यात आज्यानं हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. पाटलाच्या वरातीत फुकट वाजवायची नाही, मेल्या जनावरापुढं वाजवायची नाही. बरोबर केलं. मी ती कधी मागितली नाही. पण क्लाइडचा ढोल पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी उठून खुंटीकडं बघितलं. आज्जा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, ‘‘कुनाचा रं त्यो? हात चांगला हाय त्येचा.’’ त्या बंगल्यात तीन तासांत जे कुणी विचारलं नाही, ते ह्या म्हाताऱ्यानं दोन घटकेत विचारलं. वाजवणारा वाजवणाऱ्याला ओळखतो.

म्हणून जमवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. रेकॉर्ड जरूर ऐका, वाटा, जपा. पण लावण्याआधी वाजवणाऱ्याचं नाव घ्या, त्याला काय मिळालं ते सांगा. नाहीतर तुम्ही गाणं जमवत नाही, लूट जमवताय.

आमची बैठक दर रविवारी सकाळी, वस्तीतल्या वाचनालयात. प्लेयर जुना आहे, सुई मीच बदललीय. ओरखडे चालतील. हात सगळ्यांनी लावायचा.