कारागीर नाहींसे झाले कीं केले?

आमच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. "वडिलांच्या वेळची खुर्ची मोडली, पण ती नीट करणारा जाणता माणूस आतां उरला आहे कोठें?" बोलणाराच्या स्वरांत असा विषाद असतो कीं, जणूं कारागीर एखाद्या साथींत दगावले आणि आपण केवळ दुखवट्यास आलों! ही तक्रार अर्धी खरी व अर्धी ढोंगी आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. कारागीर दुर्मिळ झाला हें खरें. तो कोणामुळें दुर्मिळ झाला, हें मात्र आपण सोयिस्करपणें विचारीत नाहीं.

मी बोलतों तें सामान राजवाड्यांतलें नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घडलेलें, नक्षीला रजा दिलेलें, निमुळत्या पायांचें, सागवान व वेत यांचें तें साधें सामान होय. चंदीगड शहर उभें राहत असतां ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ सालीं तेथें आले आणि १९६५ पर्यंत राहिले. त्यांनीं व यूली चौधरी प्रभृति सहकाऱ्यांनीं आंखलेल्या खुर्च्या कचेऱ्या, न्यायालय व विद्यापीठ यांसाठीं हजारोंनीं घडविल्या गेल्या. पुढें त्या मोडल्या, गच्च्यांवर त्यांचे ढीग लागले, आणि भंगाराच्या भावानें त्या लिलांवांत गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्या उचलल्या, सांधे आवळले, वेत नव्यानें विणविला, आणि युरोप-अमेरिकेंतील लिलांवांत त्या लाखों रुपयांस विकल्या. २०११ सालीं केंद्रीय गृहखात्यानें मनाईहुकूम काढला. परंतु १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तु ठरण्यास सामान्यतः शंभर वर्षांचें वय लागतें, म्हणून ही गळती थांबली नाहीं. त्या किंमतींत नांवाचा वाटा मोठा होता, हें मला मान्य आहे. पण मोडक्या पायांवर नांवहि उभें राहत नाहीं!

दूर कशाला जा? माझ्या वडिलांनीं मुंबईंत घेतलेली अशाच घाटाची एक खुर्ची आमच्या घरीं आहे. तिचा मागचा पाय सांध्यांतून सुटला. प्रथम जो गृहस्थ आला, त्यानें ती उलटी करून पाहण्याचेहि कष्ट न घेतां दोन खिळे ठोकले. महिन्याभरांत त्या खिळ्यांनीं सागवान उभें चिरलें. नंतर सत्तरीकडे झुकलेला एक सुतार मिळाला. त्यानें खुर्ची पालथी घातली आणि बराच वेळ तो नुसता पाहत बसला. "साहेब, लाकूड निरोगी आहे, दुखणं सांध्याचं आहे," एवढेंच तो बोलला. खिळे हलक्या हातानें काढून त्यानें खांचेंतला वाळलेला सरस खरवडला. चिरेंत जुन्याच सागवानाची चीप बसविली आणि दोरीला पीळ देऊन सांधा रात्रभर आवळून ठेवला. वेत पाण्यांत भिजवून दोन उभ्या, दोन आडव्या व दोन तिरप्या फेऱ्यांनीं बैठक विणली. वाळतांना ती आपोआप ताणली गेली. सबंध खुर्ची घासून चकचकीत करा, असें मीं सुचविलें, तेव्हां हातांवर वडिलांच्या वापरानें आलेला काळसर रंग दाखवून तो म्हणाला, "हे घासलं तर परत कुठून आणायचं?"

मग त्यानें चार हजार रुपये मागितले. आणि मीं—वर्गांत रस्किनचा ग्रंथ हातीं घेऊन श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यानें देणाऱ्या मीं—म्हटलें, "एवढ्यांत नवी खुर्ची येते!" तो रागावला नाहीं. "येते ना," एवढेंच म्हणाला. मीं पैसे पूर्ण दिले. परंतु तें वाक्य कांहीं मला परत घेतां आलें नाहीं. त्याचा मुलगा घरोघर पार्सलें पोंचवितो. बापाची विद्या त्यानें कां उचलावी, याचें उत्तर माझ्या त्या एका वाक्यांत आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली, याचा आपणांस योग्य अभिमान आहे. पदरचें न घालतां मूळ पाठाशीं इमान राखणाऱ्यास आपण पंडित म्हणतों. मग जुन्या खुर्चीशीं तेंच इमान राखणारा केवळ "सुतारडा" कां? अंधशाळांतून शिकलेले विणकर एकेकाळीं सरकारी कचेऱ्यांतील खुर्च्या विणून स्वाभिमानानें पोट भरीत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, त्यांचें काम आटलें, आणि आपण "देखभालीची कटकट गेली" म्हणून आनंद मानला!

यावर कोणी म्हणेल, "भावनेला किती पैसे मोजावयाचे? नवें स्वस्त मिळतें." हा हिशेबच चुकीचा आहे. भुसा व राळ दाबून केलेल्या फळीला पाणी लागलें कीं ती फुगते, आणि एकदां निखळलेला स्क्रू तींत पुन्हा घट्ट बसत नाहीं. सागवानी खुर्ची सांध्यांतून उकलून पुन्हा जोडतां येते. एक वस्तु मोडण्यासाठींच जन्मलेली, दुसरी दुरुस्तीची सोय पोटांत घेऊन आलेली. त्यांच्या किंमती एका पारड्यांत घालणें हें अर्थशास्त्र नव्हे, आळस आहे.

जाणता कारागीर ओळखणें फारसें कठीण नाहीं. तो भाव सांगण्यापूर्वीं वस्तु उलटी करून पाहतो, जुनें लाकूड होईल तितकें राखतो, आणि काय करूं नये हें आधीं सांगतो. असा माणूस अद्यापि कोठें ना कोठें आहे. मात्र "कारागीर मिळत नाहीं" असें पुढच्या वेळीं म्हणण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें कीं, मागच्या वेळीं जो दारांत आला होता, त्याच्याशीं आपण किती रुपयांसाठीं घासाघीस केली होती?