हौसेची होडी आणि पोटाची होडी

उजनीच्या पाण्यावर दोन तऱ्हेच्या होड्या चालतात. एक पोटाची, दुसरी हौसेची. पोटाच्या होडीत माणूस बसतो तो पलीकडं जायला, नाहीतर जाळं ओढायला. हौसेच्या होडीत बसतो तो फिरून पुन्हा त्याच काठावर उतरायला. पाणी तेच, वारा तोच, पुष्कळदा होडीही तीच आणि चालवणारा गडीही तोच. तरी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं अशी बघतात, जसं काही समोरचा न विचारता घरात शिरलाय. दोघांची बोलणी माझ्या कानावर पडतात, म्हणून चार शब्द लिहायचं ठरवलं. कुणाला लागलं तर लागू द्या.

माझं गाव करमाळा तालुक्यात. जुनं गाव भीमेच्या थडीला होतं, ते धरणात गेलं. नवं वर माळाला वसलं, आणि मागं मागं सरत आलेलं पाणी त्याच्याही पायाशी येऊन बसलं. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा मी विशीत होतो. दहावी झाली होती, पुढची शाळा राहिली. काळी रान पाण्याखाली गेली, मुरमाड वाट्याला आली. ते रडगाणं आज गायचं नाही. सांगायचं एवढंच, की आमच्या लेखी ते पाणी म्हणजे देखावा नाही. पाण्याखाली आमची वाट होती. आता पाणीच वाट झालंय.

थोरला मुलगा कोथरूडला असतो. गुडघ्याच्या दुखण्यापायी वर्षातले चार महिने मीही तिथंच असतो. सकाळी बागेत बाकड्यावर जाऊन बसतो. माझ्याच वयाची, पेन्शनीतली, बोलायला गोड माणसं भेटतात. त्यातली निम्मी भिगवणला जाऊन आलेली. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, पहाटे निघालं की उजाडायला पाण्यावर. त्यांच्या लेखी सगळं धरण म्हणजे भिगवण, आणि भिगवण म्हणजे रोहित पक्षी. मी धरणाकाठचा आहे म्हटलं की डोळे चमकतात. "अरे वा, काका, नशीबवान आहात!" आता ह्यावर काय बोलावं?

त्यातले एक साहेब, गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घालून हिंडणारे, मला एकदा म्हणाले, "काका, तुमच्याकडचे मासेमार फार त्रास देतात हो. पक्ष्यांच्या मधूनच इंजिन लावून जातात. शनिवार-रविवार तरी त्यांना बंदी पाहिजे."

मी म्हणालो, "साहेब, शनिवार-रविवार तुमच्या कोथरूडची भाजीमंडई बंद ठेवली तर चालंल का? रस्ता मोकळा दिसंल, फोटो बरा येईल."

ते हसले. पटलं मात्र नाही.

का पटत नाही ते मला कळतं. हौशी माणसाला वाटतं, पाणी ही निसर्गाची गोष्ट आहे आणि मासेमार मधेच कुठून तरी उपटलाय. खरं म्हणजे ते पाणी निसर्गाचं नाही, सरकारनं अडवलेलं आहे. ११७ टीएमसीचं धरण. त्यातला ६३ टीएमसीच्या वरचा साठा कागदावर 'मृत' म्हणून लिहिलेला. ह्याच मेलेल्या पाण्यावर कितीतरी घरं जिवंत आहेत. ज्यांची जमीन गेली त्यातले काही जण जाळ्याकडं वळले. संध्याकाळी जाळं लावायचं, रात्र काढायची, पहाटे उचलायचं आणि चिलापी, रोहू, कटला जे मिळंल ते घेऊन ऊन चढायच्या आत भिगवणच्या नाहीतर इंदापूरच्या बाजारात पोचायचं. उशीर झाला की मासा पडला आणि भावही पडला.

आणि हौशी माणसाला उजेड कधीचा लागतो? पहाटेचाच. म्हणजे ज्या घटकेला ह्याचं जाळं पाण्यातून वर येतं, त्याच घटकेला त्याची होडी पाण्यात उतरते. जाळ्याची खूण म्हणून थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत असतात. पाहुण्याला तो कचरा वाटतो. आमच्याकडच्या पोराला माहीत असतं, पण पाहुणा "जरा जवळ घ्या, जवळ घ्या" म्हणतो आणि पंख्यात जाळं गुंतून फाटतं. पाहुण्याचा फोटो होतो. मासेमाराचे दोन दिवस जाळं सांधण्यात जातात. त्याची भरपाई कुणी दिलेली मी अजून ऐकली नाही.

कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. बागेतली मंडळी सांगतात, पाणी फार घाण झालंय, हिरवं दिसतं, वास मारतं, गावच्या लोकांना स्वच्छतेचं काही नाही. मी म्हणतो, बाबांनो, भूगोल बघा. कोथरूडच्या मोरीतलं पाणी जातं कुठं? मुठेला. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा दौंडच्या वर भीमेत पडते आणि भीमा येते उजनीत. शहराचं सगळं सांडपाणी काही शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे तुमच्याच पेपरात छापून येतं. म्हणजे तुम्ही पक्षी बघायला रविवारी पोचता, पण तुमचं पाणी आमच्याकडं सातही वार पोचतं. आमच्या पोरांनी काठावर टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या मी झाकणार नाही. पण पुडी मोजायची आणि नदी मोजायची नाही, हा कुठला न्याय?

आता हंगामाचं बघा. पाणी उतरलं की दलदल उघडी पडते, उथळ पाण्यात रोहितांना चारा मिळतो, थवे उतरतात. तुम्ही एकमेकांना कळवता, "या वर्षी मस्त सीझन आहे." पाणी उतरलं म्हणजे आमच्याकडं काय होतं? मोटारी पुढं सरकवाव्या लागतात. पाइप वाढवा, केबल वाढवा, चारी खणा. आज जिथं मोटार बसवली तिथं पंधरा दिवसांनी चिखल. होडी लागायची जागा लांब जाते, मग बाया-माणसं डोक्यावर ओझं घेऊन गुडघाभर गाळातून होडीपर्यंत चालतात. उन्हाळ्यात साठा शून्याच्या खाली गेला की पेपरात 'वजा' टक्के छापतात. तुमची जत्रा भरते तेव्हा आमचं पीक वाळत असतं. ह्यात तुमचा दोष नाही, पक्ष्याचा तर नाहीच. पण मस्त म्हणताना एकदा काठाकडं मान वळवून बघावं, एवढं तरी मागायला हरकत नसावी.

हे सगळं एका पारड्यात टाका आणि दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट टाका. जाकीट.

२१ मे २०२४. संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, म्हणून बातमी तरी कळली. सहा गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. ती माणसं मौजेला निघाली नव्हती. अल्याड-पल्याड आमची सोयरीक, दवाखाना, बाजार, कारखाना. रस्त्यानं जायचं तर धरणाला लांबचा वळसा, म्हणून माणूस होडीत बसतो, मोटारसायकलसुद्धा होडीत चढवतो. तो रोजचा रस्ता आहे. पुण्यात कुणी सिटी बसमध्ये बसताना जिवाची जोखीम म्हणून बसतो का? तसंच ते.

हौसेच्या होडीत पाहुणा पाय ठेवायच्या आत त्याच्यापुढं केशरी जाकीट येतं. नाही आलं तर तो मागतो, आणि मागावंच. पण आमच्या म्हाताऱ्या बाईपुढं, लेकराला काखेला मारून चढणाऱ्या सुनंपुढं जाकीट कुणी धरत नाही. एकाच तळ्यावर एका जिवाची किंमत दोन तऱ्हेची कशी? पाहुण्याचं जाकीट काढून घ्या असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, पाहुण्यासाठी जे सुचलं ते घरच्या माणसासाठी सुचायला सहा मढी का लागली?

आता आमच्या लोकांकडं वळतो, कारण एका बाजूनं बोललं की वकिली होते. आमचा माणूस जाकीट दिलं तरी घालत नाही. "आमचा जलम पाण्यावर गेला, आम्हाला काय शिकवता?" पोहता येतं ह्याचा ताठा. वाऱ्याला तुमचं पोहणं ठाऊक नसतं बाबांनो. काळं ढग भरून आलं तरी "जाऊ की, दहा मिनिटांचं तर काम" म्हणून होडी सोडायची, सात जणांच्या जागी बारा कोंबायचे, ही मर्दुमकी नव्हे.

आणि पाहुण्याशी वागणं? काही जण बूट बघून भाडं सांगतात. शेजारच्या होडीत निम्मं, ह्या होडीत दुप्पट. पाहुण्याला उडते पक्षी पाहिजेत म्हटलं की होडी थेट थव्यात घालतात. हजारो मैलांवरून आलेला जीव चार घास खातोय, त्याला दिवसातून दहा वेळा उठवायचं, शे-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून. पाहुणा मागतो हे खरं, पण वल्हं आपल्या हातात असतं. माझा एक पुतण्या होडी चालवतो. तो म्हणतो, "तात्या, ही माणसं पाण्यावर येतात पण पाणी बघतच नाहीत, कॅमेऱ्यातूनच बघतात." मी त्याला म्हणालो, "आणि तू त्यांच्याकडं पाकिटातूनच बघतोस. मग फरक काय राहिला?" बारीक जाळ्यानं बोटभर मासळी उपसणारेही आमच्यातच आहेत. उद्याचा मासा आज मारायचा आणि धरणात मासा राहिला नाही म्हणून गळा काढायचा, हे पाप कोथरूडवाल्यांच्या माथी मारता येणार नाही.

दोन्हीकडची अशी खोड सगळ्या मुलखात असते का, असा प्रश्न मला पडला होता. नातवानं मोबाइलवर इंग्लंडातले कालवे दाखवले. चिंचोळ्या, लांबट, रंगवलेल्या होड्या. मुलाकडून मग सगळं वाचून घेतलं. तिथं १७६१ पासून कोळसा वाहायला कालवे खोदत गेले. होडीवाला बायकापोरांसकट होडीतच राहायचा. पुढं आगगाडी आली, मग ट्रक आले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला धंदाही मोडला. आता तिथं बहुतेक होड्या हौसेच्या. कोळसा, डिझेल, गॅसच्या टाक्या विकत हिंडणाऱ्या थोड्या कामाच्या होड्या अजून आहेत. हौशी आणि कामकरी ह्यांच्यात कुरबुर तिथंही चालते. पण दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटल्या. एक, वेगाला बंधन: ताशी चार मैल, आणि बांधलेली होडी दिसली की आणखी हळू, कारण लाटेनं दुसऱ्याची होडी हिंदकळते. दुसरी त्याहून मोठी. १९४६ साली तिथल्या हौशी लोकांनी संघटना काढली आणि बुजत चाललेले कालवे वाचवायला सरकारशी भांडले. पुढं सुट्टीच्या दिवशी लोक फावडी घेऊन गाळ काढायला उतरले. ज्या पाण्यानं हौस पुरवली त्या पाण्यासाठी अंगाला चिखल लावून घेतला.

म्हणून हौस वाईट असं मी म्हणणार नाही. माणसानं पक्षी बघावा, पाण्यावर जावं, लेकरांना न्यावं. आमच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात, तेही खरं. माझं भांडण फुकटच्या हौसेशी आहे. शंभर किलोमीटर येता, भाडं देता, आणि समजता हिशेब चुकता झाला. भाडं होडीचं झालं. पाण्याचं देणं राहिलंच की.

ते कसं फेडायचं तेही सांगतो. कोथरूडकरांनो, तुमच्याकडं शिकलेली माणसं आहेत, अर्ज लिहिणारी, साहेबाच्या दारात उभं राहायला न भिणारी. मुळा-मुठेत जाणाऱ्या घाणीवर बोला. प्रत्येक घाटावर धक्का आणि प्रत्येक होडीत माणसागणिक जाकीट मिळावं म्हणून तुमच्या सहीचा एक कागद येऊ द्या. आमच्या शंभर अंगठ्यांपेक्षा तो लवकर वाचला जाईल, हे कडू आहे पण खरं आहे. शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळालीय. तो होईल तेव्हा सोन्याचा दिवस. पण एका पुलानं सगळ्या काठांची गरज भागत नाही. पाण्यावर असाल तेव्हा थर्माकोल दिसलं की होडी वळवायला सांगा, आणि भरलेली प्रवासी होडी समोरून आली तर तुमची थांबवा. ज्याला पलीकडं पोचायचंय त्याला आधी वाट.

आणि काठावरल्या माझ्या माणसांनो, तुमच्यासाठीही हाच कायदा. भाडं सगळ्यांना एक सांगा. थव्यात होडी घालू नका, पाहुण्यानं नोट दाखवली तरी. वारा उठला तर होडी सोडू नका, सोयरा रुसला तरी. आणि जाकीट घाला. गावातल्या जाणत्यानं आधी घालावं, म्हणजे पोरं हसायची नाहीत.