शल्य सांगण्याची जागा



समाजाच्या गुणवंत सत्कार समारंभात ‘नीट’ परीक्षेत यश मिळवणाऱ्या मुलामुलींना आपण शाल-श्रीफळ देतो. ते उचितच आहे. मात्र हीच मुले पुढे एम.डी., एम.एस.साठी निवासी डॉक्टर म्हणून रुजू होतात, तेव्हा आपली चौकशी ‘शाखा कोणती मिळाली?’ या प्रश्नापाशीच थांबते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सर्वेक्षणात ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगणारे १५.३ टक्के होते. जीवन संपवण्याचे विचार मनात आल्याचे सांगणारे सुमारे ३१ टक्के. ही तफावत हिशेब जाणणाऱ्या कुटुंबांनी नीट वाचावी. दुःख आहे, पण ते तज्ज्ञापर्यंत पोहोचलेले नाही, असा मोठा वर्ग तिच्यात दडलेला आहे.

कामाचे तास हे एक उघड कारण आहे. कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक साप्ताहिक सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. अशा गोष्टींची शिफारस करावी लागते, यातच सारे आले. दुसरे कारण वरिष्ठांकडून होणारा छळ. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा मुंबईत निवासी डॉक्टर असताना २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला आणि वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातिवाचक छळाचे आरोप झाले. जिथे अन्याय आहे, तिथे समुपदेशनाआधी तक्रारीची दखल हवी. पीडिताला ‘सहन करायला शीक’ असे सांगणे हे समुपदेशन नव्हे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशकात आहे. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार येथे जोडलेला असल्याने हा विषय आपल्याला परका नाही. परंतु महाविद्यालयात समुपदेशक नेमला, तरी विद्यार्थी त्याच्या दारापर्यंत जातोच असे नाही. ‘विभागप्रमुखांना कळले तर?’ ही एक भीती. ‘घरी कळले, बायोडाटा फिरू लागला आणि समोरच्यांच्या कानावर गेले तर?’ ही दुसरी. पहिली भीती संस्थेने दूर करायची आहे. दुसरी मात्र आपणच निर्माण केलेली आहे.

आपल्या परंपरेत आलोचनेला मोठे स्थान आहे. मनातील शल्य गुरूंसमोर निःसंकोच मांडावे, आणि ते ऐकणारे आचार्य ‘अपरिस्रावी’ असावेत, म्हणजे ऐकलेले त्यांच्याकडून बाहेर झिरपू नये, असे शास्त्र सांगते. नैराश्य हा दोष नव्हे, आजार आहे. त्याला प्रायश्चित्त नसते, उपचार असतात. तथापि, सांगणाऱ्याला निर्भय जागा हवी आणि ऐकणाऱ्याने गुप्तता पाळावी, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जे कायदा डॉक्टरांकडून अपेक्षितो, ते आपल्या बैठकीच्या खोलीत पाळले जाते का, हे प्रत्येकाने तपासावे.

व्यापारी घरांना आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मुलगा किंवा मुलगी ‘मला हे झेपत नाही’ म्हणाली, की आपल्या डोळ्यांपुढे आधी भरलेले शुल्क, शैक्षणिक कर्ज आणि बाँडची रक्कम उभी राहते. पण अडकलेल्या भांडवलाकडे पाहून पुढील व्यवहार ठरवू नये, हे आपण पेढीवर रोज पाळतो. गेलेला पैसा गेला. आता पुढे हित कशात, एवढेच पाहायचे असते. वर्षभर थांबता येते, कर्जफेडीची मुदत वाढवण्यासाठी बँकेकडे अर्जही करता येतो.

तेव्हा घरातील निवासी डॉक्टरला फोन कराल, तेव्हा आधी झोप आणि जेवण विचारा. बोलणे तुटक झाले, रडू अनावर होऊ लागले, सगळे निरर्थक वाटते असे शब्द आले, तर उपदेश न करता ऐकून घ्या आणि शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष भेटा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारायला कचरू नका. विचारल्याने ते बळावत नाहीत. ‘टेली मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आज घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा, ही नम्र विनंती.