‘प्रचलित’ मजुरी कुणी प्रचलित केली?

अमेरिकेच्या कामगार कायद्यात ‘प्रचलित वेतन’ नावाची एक तरतूद आहे. परदेशातून काही ठरावीक प्रकारच्या व्हिसांवर माणूस कामाला आणायचा असेल, तर त्या भागात त्या कामाचा जो दर चालू आहे, त्याहून कमी पगार त्याला देता येणार नाही. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेवर काम करणारा अभियंता असो, रेल्वे कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा तंत्रज्ञ असो किंवा ठेकेदाराकडे रूळ-स्लीपर बदलणारा मजूर असो, तत्त्व एकच. व्हिसाचा प्रकार बदलला की दर मोजण्याची रीत तेवढी बदलते.

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. बाहेरच्याला स्वस्तात राबवायचं नाही आणि त्याच्या नावाने स्थानिकाचं पोटही मारायचं नाही. या नियमाचं मी समर्थनच करतो. पण आपण आंबेडकरी माणसं आहोत. ‘प्रचलित’ हा शब्द कानावर पडला की आपण सावध झालं पाहिजे. या देशात जातही प्रचलितच होती. जे चालू आहे ते कुणी चालू केलं, कुणाच्या सोयीसाठी केलं आणि ते नाकारायची ताकद कुणाकडे होती, हे विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. हाच प्रश्न मजुरीलाही विचारायचा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जो नियम कामगाराचा दर ठरवतो पण त्याला मालक सोडून जाण्याची मोकळीक आणि संघटित होण्याची ताकद देत नाही, तो नियम अर्धा आहे. अर्ध्या नियमाचं काय होतं, हे अमेरिकेच्या रेल्वेच्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

१८६० च्या दशकात सेंट्रल पॅसिफिक कंपनीने सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे टाकली ती हजारो चिनी मजुरांच्या जिवावर. त्या कामावर महिन्याला तीस-पस्तीस डॉलर हा ‘चालू’ दर होता. गोऱ्या मजुराला त्यावर जेवण आणि निवारा कंपनीकडून मिळत असे. चिनी मजुराने आपलं जेवण आपल्या पैशातून करायचं. जून १८६७ मध्ये या मजुरांनी संप केला. त्यांची मागणी होती महिन्याला चाळीस डॉलर आणि कामाचे तास कमी. कंपनीचा बांधकाम प्रमुख चार्ल्स क्रॉकर याने डोंगरावर जाणारं धान्य बंद केलं. आठवडाभरात संप मोडला. १८६९ मध्ये रेल्वे पूर्ण झाली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. दर कागदावर जवळपास सारखा होता. पण जेवणाची दोरी मालकाच्या हातात होती, म्हणून तो दर प्रत्यक्षात कधीच सारखा नव्हता.

तेव्हा कायदा नव्हता म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. मग १९४३ पाहा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रेल्वेसाठी माणसं कमी पडली. अमेरिका आणि मेक्सिको या दोन सरकारांनी लेखी करार केला आणि युद्ध संपेपर्यंत लाखाहून अधिक मेक्सिकन मजूर रुळांच्या कामाला नेले गेले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. त्याच कामाला अमेरिकन कामगाराला मिळते तेवढीच मजुरी, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे आजच्या प्रचलित वेतनाचीच हमी, तीही दोन सरकारांच्या सहीची. शिवाय मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापायची आणि मजूर घरी परतल्यावर मेक्सिकोतल्या बँकेतून त्याला द्यायची, असंही ठरलं होतं.

त्या बचतीचं काय झालं? असंख्य मजुरांना ती कधी मिळालीच नाही. साठ वर्षांनी, कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं झाल्यावर, २००५ मध्ये मेक्सिको सरकारने प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं मान्य केलं. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी २००८ मध्ये न्यायालयात तडजोड झाली. तोवर कितीतरी म्हातारे मरून गेले होते. दर ठरला होता, करार लिहिला होता, सह्या झाल्या होत्या. मजुराच्या हातात काय होतं? एका रेल्वे कंपनीशी बांधलेला करार. ती कंपनी सोडली तर परतीची वाट.

आता बाबासाहेबांकडे येऊ. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब म्हणाले ते याच परिषदेत. हे वाक्य आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचा जो हिशोब मांडला, तो आपण विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? गँगमनची मजुरी तेव्हाही ‘प्रचलित’ होतीच. त्या मजुरीवर बाबासाहेब थांबले नाहीत. हा माणूस कायम याच जागेवर का, वरची जागा त्याला बंद कुणी केली, असा त्यांचा सवाल होता.

हाच सवाल अमेरिकेच्या आजच्या नियमाला लावून पाहू.

एच-१बी व्हिसावर जाणाऱ्या अभियंत्याचं प्रचलित वेतन चार पायऱ्यांत मोजलं जातं. समजा, एका भागात एका कामाची शंभर माणसं पगाराच्या चढत्या क्रमाने उभी केली. वीसेक वर्षं चालत आलेल्या हिशोबात पहिली पायरी सतराव्या माणसाच्या पगाराची, दुसरी चौतिसाव्याची, तिसरी पन्नासाव्याची आणि चौथी सदुसष्टाव्याची. म्हणजे खालच्या दोन पायऱ्या मधल्या माणसाच्या पगाराच्याही खाली आहेत, तरीही कायद्याच्या भाषेत त्यांना ‘प्रचलित’ म्हणतात. अनुभव आणि जबाबदारी पाहून कामाची पायरी कोणती, हे अर्जात मालकच लिहितो. कामगार खातं त्या अर्जात काही अपुरं किंवा उघड चुकीचं नाही ना, एवढंच तपासतं आणि कामाच्या सात दिवसांत मंजुरी देतं. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार, २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एच-१बी जागांपैकी ६० टक्के जागा या खालच्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या.

चार पायऱ्या म्हटल्यावर आपल्याला लगेच चातुर्वर्ण्य आठवतं. ती तुलना मी ताणणार नाही. ही पायरी जन्माने मिळत नाही आणि नोकरी बदलून ती बदलताही येते. पण श्रेणीबद्ध विषमतेचा एक गुण इथेही दिसतो. प्रत्येक जण आपल्या पायरीचा पगार बरोबर आहे का, एवढंच पाहतो. पायऱ्याच कशा मांडल्या, हे कुणी विचारत नाही.

दुसरी फट ठेकेदारीची. कायदा सांगतो की मालकाने प्रचलित वेतन आणि स्वतःच्या तशाच कर्मचाऱ्यांना तो देतो ते वेतन, यातलं जे जास्त ते द्यावं. चांगलं आहे. पण रेल्वे कंपनीने काम एखाद्या सॉफ्टवेअर ठेकेदाराला दिलं, तर तंत्रज्ञाचा कायदेशीर मालक तो ठेकेदार. मग तुलना होते ठेकेदाराच्या माणसांशी. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या रेल्वेच्या कर्मचाऱ्याचा पगार त्या हिशोबात येतच नाही.

रुळांवरच्या कामाचंही तसंच आहे. मोठ्या रेल्वे कंपन्यांत रुळांची देखभाल करणाऱ्यांची जुनी युनियन आहे. जिथे युनियनने वाटाघाटी करून वेतन करार केला आहे, तिथे त्या कामाचं प्रचलित वेतन म्हणजे करारातलाच दर, असं व्हिसाचे नियम सांगतात. पण काम युनियन नसलेल्या ठेकेदाराकडे गेलं की तो करार लागू नाही. मग एच-२बी व्हिसावर आलेल्या हंगामी मजुराला त्या भागातली सरासरी मजुरी.

आणि ही सरासरीही कुणी आयती दिली नाही. २००८ च्या नियमाने एच-२बी मजुरांनाही चार पायऱ्यांच्या हिशोबात टाकलं होतं. एका शेतमजूर संघटनेने इतरांना सोबत घेऊन कोर्टात लढा दिला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. म्हणूनच अंगमेहनत करणाऱ्या मजुराला आज सरासरी मिळते, तर पदवीधर अभियंता सतराव्या माणसाच्या पायरीवर उभा आहे. अभियंत्याकडे पदवी होती, मजुरांकडे संघटना होती. फरक कशाने पडला, हे आपल्या शिकलेल्या पोरांनी नीट ध्यानात घ्यावं. ‘शिका’ या शब्दाशी आपण थांबतो. बाबासाहेब थांबले नव्हते.

अमेरिकेतल्याच पुलमन रेल्वेडब्यांमधले पोर्टर आठवा. जवळपास सगळे कृष्णवर्णीय, बक्षिशीवर जगणारे. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांनी युनियन उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. बारा वर्षं लागली. त्यानंतरच त्यांचा ‘प्रचलित’ दर बदलला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. काही जण म्हणतात, प्रचलित वेतनाचा नियम हीच भिंत आहे. गरीब देशातला माणूस कमी पगारात काम मिळवू शकतो, तीच त्याची एकमेव संधी आणि तुम्ही ती काढून घेता. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. सरकारी बांधकामावर प्रचलित मजुरी सक्तीची करणारा डेव्हिस-बेकन कायदा १९३१ मध्ये झाला. त्याची सुरुवात अशी की, १९२७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका सरकारी रुग्णालयाच्या कामावर अलाबामाच्या ठेकेदाराने कृष्णवर्णीय मजूर आणले आणि तिथल्या खासदाराला ते खटकलं. त्या काळी बऱ्याच गोऱ्या युनियन कृष्णवर्णीयांना सभासदही करून घेत नव्हत्या. म्हणजे नियम सुरक्षेचा आणि वापर हाकलण्याचा, असं होऊ शकतं.

पण यावरचा उपाय स्वस्तात राबणं हा नाही. स्वस्त मजूर म्हणून मिळालेली जागा ही गँगमनची जागा आहे. तिच्यात माणूस आत येतो पण वर जात नाही. शिवाय भिंत बांधायची असेल तर सत्तेला वेतनाच्या नियमाची गरजही नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्यातला एक डॉलरही कामगाराच्या खिशात जात नाही. तोच आग्रह किमान पायरी वर नेण्यासाठी धरला असता, तर स्थानिक आणि परदेशी दोघांचंही भलं झालं असतं.

खरी गाठ आहे ती मालकाशी बांधलेल्या व्हिसाची. नोकरी गेली की एच-१बीवरच्या माणसाला जास्तीत जास्त साठ दिवस, तेवढ्यात नवा मालक शोधायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतात जन्मलेल्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि त्या काळात नोकरी बदलायची म्हणजे बरेचदा कागदपत्रांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. असा माणूस कमी पगाराची तक्रार कुठल्या तोंडाने करणार? १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, परिस्थितीच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी दरात राबणं हीदेखील अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी आहे. प्रत्येक व्हिसाधारक वेठबिगार आहे, असं मी म्हणत नाही. पण पर्याय नसलेल्या माणसाची संमती ही संमती नसते, हे त्या निकालातलं तत्त्व समुद्रापलीकडेही खरंच आहे.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुलं-मुली आता बाहेर शिकतायत, त्यातली काही तिथेच नोकरीला लागतायत. त्यांना माझं सांगणं आहे. एच-१बीसाठी मालकाने भरलेल्या वेतनाच्या अर्जाची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती घ्या, तुमची पायरी पाहा, प्रत्यक्ष काम त्याहून वरचं असेल तर त्याची नोंद ठेवा. व्हिसाच्या अर्जाचं शुल्क तुमच्या पगारातून कापता येत नाही. काम नाही म्हणून घरी बसवलं तरी पगार द्यावा लागतो. नियम मोडला तर बारा महिन्यांच्या आत अमेरिकी कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणं बेकायदेशीर आहे. आणि हे एकट्याने करू नका. तिथल्या युनियनशी, तिथल्या आंबेडकरी संघटनांशी जोडून घ्या.

एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते. म्हणजे वेतनाचा कायदा किती महत्त्वाचा, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण तेच बाबासाहेब मनमाडला गँगमनसमोर उभे राहून वरच्या जागेचा हिशोब मागत होते. आपल्याला दोन्ही मागायचं आहे: पुरता दर, आणि तो कमी पडला तर मालकाला पाठ दाखवायची मोकळीक.

जय भीम!